पंच्याऐंशी आणि साठ पावलांच्या मधे

आमचं येरवड्याचं घर दोनच खोल्यांचं होतं, पण मागे पत्र्याची एक पडवी होती आणि घरातलं सगळं महत्त्वाचं त्या पडवीत घडायचं. तिथे जाड सागवानी फळीवर बाबांचा व्हाइस, म्हणजे लोखंड घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, पक्का बसवलेला होता. त्याचा दांडा फिरला की कुंई असा बारीक आवाज यायचा, आणि तो ऐकला की मला कळायचं, बाबा आले, चहा टाकायला हवा. विश्रांतवाडीच्या पुढे पंप बनवणारा एक लहान कारखाना होता, तिथे ते फिटर होते. पुढे त्यांना तपासणीवर घेतलं होतं. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे बघून सही करायची, असं काम. पहिली पाळी संपवून अडीच-तीनच्या सुमाराला सायकल भिंतीला टेकवायचे, हातपाय धुवायचे, बुद्धांच्या मूर्तीकडे एकदा बघून पडवीत शिरायचे. मग पेट्रोलचा वास, कानशीचा आवाज, आणि स्वयंपाकघरातून आईच्या ठेच्याचा ठसका. माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांचा सगळा अभ्यास त्या वासात आणि आवाजात झालेला आहे.

पडवीत दुरुस्तीला असायच्या त्या गोल्फच्या काठ्या. आमच्यासारख्या घरात गोल्फ कसा आला, असं लोक मला अजून विचारतात. तो आईमुळे आला. आई गोल्फच्या मैदानावर गवताच्या कामाला होती. दहा-बारा बायका रांगेत उकिडव्या बसून हिरवळीतलं नको ते गवत खुरप्याने काढायच्या, त्यातली ती एक. एकदा कुणा सभासदाने रागाने आपटलेली काठी वाकली, आणि मुकादम आईला म्हणाला, तुझा नवरा फिटर ना, बघ सरळ होते का. बाबांनी ती इतकी सरळ केली की पुढच्या आठवड्यात तीन आल्या. हळूहळू त्यांना त्यातलं सगळं कळू लागलं. काठीच्या टोकाला लोखंडी पातं असतं. ते जितकं जास्त मागे कललेलं, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. कमी कललेलं असेल तर चेंडू खालून लांब जातो. तो कल एक-दोन अंशांनी बदलून हवा असलेले लोक बाबांकडे यायचे. बाबांनी त्यासाठी सागवानाचं एक मापाचं यंत्र स्वतः बनवलं होतं. त्यावर पितळी काटा होता आणि अंशांच्या रेघा त्यांनी हाताने कोरलेल्या होत्या. पातं व्हाइसमध्ये तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे धरायचं, लांब दांडा अडकवायचा, एकच श्वास घेऊन रेटायचं आणि मग यंत्रावर चढवून बघायचं. घडीव पातं असेल तर वाकायचं. ओतीव असेल तर ते हातच लावायचे नाहीत, कारण ते तुटतं.

आता माझ्या दुकानात यासाठी परदेशी यंत्र आहे. ते अंशाचा दहावा भाग दाखवतं. पोरं वेजेस, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या जास्त कललेल्या काठ्या, आणि मोबाईलवर आकडे घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅम, माझ्या दोन वेजेसमध्ये पंचवीस यार्डांची गॅप आहे." मी म्हणते, बस, बघू. त्यांना काय सांगणार की माझी गॅप माझ्या आईने चालून मोजली होती.

सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं. त्या दिवशी कामगारांच्या मुलांना टोकाच्या दोन-तीन भोकांवर खेळू द्यायचे. मी तिथे आईचा डबा घेऊन जायचे आणि एका जुन्या काठीने चेंडू मारत बसायचे. तिथेच मला सरदेसाई बाईंनी पाहिलं. त्या दातांच्या डॉक्टर, मैदानाच्या सभासद, आणि बाबांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या दिवशी ऑफिसात कसलीशी सही करायला आल्या होत्या. पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही. "तरीच बरं येतंय," असं म्हणून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या माळ्यावरच्या सहा जुन्या काठ्या आमच्या घरी पोचल्या.

हिवाळ्यात मुलींसाठी नऊ भोकांची एक स्पर्धा होणार होती. पहिल्या तिघींना वर्षभर रोज सरावाची परवानगी मिळणार होती. सरदेसाई बाईंनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. घरात ही बातमी आली तेव्हा आईने गोळाभात केला होता. बाबा वर्ध्याकडचे, त्यामुळे गोळाभात त्यांचा. आई लोणी काळभोरची. लग्नानंतर ती तो करायला शिकली आणि तरी बाबा दर वेळी एकदा तरी म्हणायचेच, "आमच्याकडे गोळे इतके कडक नसते." आई म्हणायची, "मग जावा वर्ध्याला. गाडी हाय." आणि त्यांच्या पानात अजून दोन गोळे वाढायची. त्या दिवशी बाबा गोळ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. जेवता जेवता मला म्हणाले, "तू कोणत्या काठीने किती लांब मारते, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं.

त्या सोमवारी मोजणी झाली. मी प्रत्येक काठीने दहा चेंडू मारायचे आणि आईने चेंडूंपर्यंत चालत जायचं. आईचं पाऊल आखल्यासारखं पडायचं. गवतावर दिवसभर रांगा धरून काम करणाऱ्या बायकांना अंतराची सवय असते. ती तोंडाने आकडे पुटपुटत जायची आणि तिथून ओरडून सांगायची. नऊ नंबरची काठी पंच्याण्णव पावलं. पिचिंग वेज पंच्याऐंशी. सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायची काठी, ती एकदम साठ. बाबांनी सगळं पाटीवर लिहिलं आणि पंच्याऐंशी आणि साठच्या मधे बोट ठेवलं.

"इथे तुझ्याजवळ काहीच नाही," ते म्हणाले.

"मी पंच्याऐंशीवाली हळू मारीन ना."

"मारून दाखव."

मारून दाखवली. एक चेंडू पासष्ट पावलं गेला, एक ऐंशी, आणि एक घसरून चाळीसावर थांबला. बाबा हसले. घरी आल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. पिचिंग वेज अठ्ठेचाळीस अंशांची, सँड वेज छप्पन्नची. सँड वेजचा कल कमी केला तर ती लांब जाईल, पण तिचं खालचं पोट सपाट होईल आणि ती वाळूत रुतून बसेल. पिचिंगचा कल वाढवला तर तिच्यात आणि नऊ नंबरमध्ये नवी फट पडेल. म्हणून या दोघींना हात न लावता मधली तिसरी हवी. पडवीच्या कोपऱ्यात कुणीतरी सोडून दिलेली एक घडीव वेज पडली होती, एकोणपन्नासची. ती बाबांनी व्हाइसमध्ये धरली. तीन अंश वाढवायचे होते. श्वास घेतला, रेटलं, यंत्रावर चढवली. वाकून बघितलं, अंगठ्याच्या नखाने रेघा चाचपल्या आणि म्हणाले, "बावन्न. ही तुला सत्तर-बाहत्तर देईल."

पुढच्या सोमवारी तिने ऐंशी दिले. आईने दहाही चेंडू मोजले, सगळे ऐंशीच्या आसपास. बाबा म्हणाले, तू जास्त जोर लावत असशील. मी मान्य केलं. बाबांचं माप चुकेल ही शक्यता आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. त्यांनी ती पुन्हा वाकवली, म्हणाले, "घे, त्रेपन्न करून दिली." त्याच्या पुढच्या सोमवारी ती त्रेसष्टावर पडायला लागली. म्हणजे सँड वेजच्या जवळजवळ पायाशी. आई लांब उभी राहून ओरडली, "फट हाय तिथंच हाय गं!"

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. बाबा कारखान्यात होते. मी पडवीत गेले, पत्र्याचं दार पूर्ण उघडून ऊन आत घेतलं आणि माझी वेज यंत्रावर चढवली. काटा पंचावन्नावर होता. मी काढून पुन्हा चढवली. पंचावन्न. मग मी भिंतीशी टेकवलेल्या, लोकांना परत द्यायच्या काठ्या एकेक करून चढवल्या. प्रत्येकीला बाबांनी कागदाची चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर अंश लिहिलेले. चारांपैकी तीन चुकीच्या होत्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षरही मी तेव्हाच नीट पाहिलं. बाबांचं अक्षर टाइप केल्यासारखं असायचं. इथे ते एवढं मोठं झालं होतं आणि ओळ सोडून खाली घसरत होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर वाचायला ते उंबऱ्यात जाऊन बसायला लागले होते. तांदूळ निवडायला बसले तर खडे राहून जायचे आणि आई काही न बोलता ताट पुन्हा घ्यायची. बंडगार्डनच्या पुलावरून माझ्याबरोबर येताना सायकल हातात धरून चालत यायचे आणि म्हणायचे, चालणं तब्येतीला बरं.

आई कामावरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती पाय धूत होती. तिने वर बघितलं नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं. रस्ता वलांडताना माझा खांदा धरत्यात. इतक्या वर्सांत कधी धरला न्हवता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांचं सगळं डोळ्यावर हाय. कारखान्यात कळलं तर काढून टाकत्याल. आन् त्यांना स्वतःला कळलं तर..." तिने पायांवर तांब्या ओतला. "तू बी बोलू नको. निदान तुझी पर्धा होऊ दे."

मी बोलले नाही. चार दिवस मी त्यांच्या समोर बसून जेवले, त्यांचा चहा केला, पंचावन्नाची वेज त्रेपन्नाची म्हणून वापरली. आज विचार करते तेव्हा वाटतं, आम्ही तिघंही एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो, आणि त्या दोन खोल्यांत लपवायला जागा किती होती!

शनिवारी दुपारी दारात स्कूटर थांबली. सरदेसाई बाई स्वतः आल्या होत्या, हातात त्यांची सँड वेज. बाबांनी ती महिन्यापूर्वी छप्पन्नवरून चोपन्न करून दिली होती. बाई पडवीत आल्या, स्टुलावर बसल्या नाहीत.

"अहो, हिला तुम्ही काय खायला घातलंत?" त्या म्हणाल्या. "चेंडू ग्रीनवर, भोकापाशी, थांबतच नाही. माझ्याआधी चहाला पोचतो. आणि वाळूत मारली तर विहीर खणते. तुमचा दुखरा दात सोडून मी शेजारचा काढला, तर चालेल का तुम्हाला?"

बाबा कधी कुणाचं असं ऐकून घेत नसत, कारण तशी वेळच येत नसे. त्यांनी काठी घेतली, यंत्रावर चढवली, वाकले. नख रेघांवरून फिरलं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. काटा एक्कावन्नावर होता. मला स्वच्छ दिसत होता.

"चोपन्न आहे, बाई," बाबा म्हणाले. "पाहा ना. सुजाता, किती आहे?"

त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते यंत्राकडेच बघत होते.

"चोपन्न," मी म्हटलं.

सरदेसाई बाई पुढे आल्या. पर्समधून चष्मा काढला, घातला आणि यंत्रावर वाकल्या. मला वाटलं, संपलं. त्या बऱ्याच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या, आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे डोळे भरले होते, ते त्यांना दिसले असणार.

"हो की," त्या म्हणाल्या. "चोपन्नच आहे. मग माझाच हात बिघडला असेल. वय झालं." चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. "असू दे इथेच काठी. पकड जुनी झाली आहे, सवडीने बदलून ठेवा. घाई नाही."

स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

"आता सांग," बाबा म्हणाले. "किती आहे?"

"चोपन्न."

"सुजा."

"एक्कावन्न."

ते स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. रडले वगैरे नाहीत. मग म्हणाले, "तुझी ती?"

"पंचावन्न."

"बाकीच्या?"

मी सांगितल्या. त्यांनी प्रत्येक आकड्याला मान हलवली.

"काहून सांगितलं नाही मला?"

"तुम्ही काहून नाही सांगितलं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. डाव्या डोळ्यापुढे धुकं येऊन वर्ष झालं होतं, उजव्यापुढे सहा महिने. कारखान्यात दरवर्षी डोळे तपासायचे, तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं त्यांनी आधीच पाठ करून ठेवली होती. पुढच्या माणसाच्या मागे उभं राहून, तो वाचतो ते ऐकून. हे सांगताना ते ओशाळे झाले होते, शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखे.

"हाताला येते, असं वाटत होतं," ते म्हणाले. "हात तर तोच आहे ना माझा. किती रेटलं की किती वाकते, हे हाताला ठाऊक होतं." मग एकदम म्हणाले, "काठीचं जाऊ दे. चेंडू इकडे पडला काय, तिकडे पडला काय. तिकडे कारखान्यात मी पंपाच्या दांड्यांवर सही करतो, सुजा. सहा महिने करतो आहे."

आई दारात येऊन उभी होती. किती वेळ, ते माहीत नाही. ती म्हणाली, "सोमवारी मी येते संगं तुमच्या. साहेबाला सांगू. काढलं तर काढलं. माझं काम हाय की."

बाबा उठले, आणि सरदेसाई बाईंची काठी व्हाइसमध्ये धरली. "अशी नाही द्यायची परत," ते म्हणाले. "मी रेटतो. तू वाच."

त्यांनी रेटलं. मी वाचलं, "त्रेपन्न." अजून थोडं. "साडेत्रेपन्न." त्यांनी दांडा काढून बाजूला ठेवला, हाताची घडी घातली, पुन्हा लावला, आणि इतकं हलकं रेटलं की मला वाटलं काही झालंच नाही. "चोपन्न," मी म्हटलं. मग माझी घेतली. पंचावन्नवरून बावन्नवर यायला चार वेळा रेटावं लागलं, आणि दर वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा मी रेघ नीट बघायला वेळ घेतला, तर म्हणाले, "आरामात. घाई कोणाला आहे?" तोपर्यंत आईने आत भाकऱ्या टाकल्या होत्या. त्यांच्या थापण्याचा आवाज येत होता, आणि मला अचानक फार बरं वाटलं, इतकं बरं की त्याची लाज वाटली.

सोमवारी सकाळी दोघं कारखान्यात गेले. बाबांनी सहा महिन्यांच्या सह्यांचं स्वतःहून सांगितलं. गोदामातल्या मालाची फेरतपासणी झाली. थोडा माल परत घ्यावा लागला. त्यांना काढलं नाही, पण तपासणीवरून हलवून हत्यारांच्या खोलीत बसवलं. मागितलं ते हत्यार द्यायचं आणि परत घ्यायचं. तिथे नवे फिटर, ज्यांना बाबांनीच माप धरायला शिकवलं होतं, ते येऊन हत्यार मागायचे. पहिले काही दिवस बाबा घरी आले की पडवीत न जाता आत येऊन बसायचे. आई त्यांना शेंगा सोलायला द्यायची. ज्यांच्या काठ्या त्या सहा महिन्यांत दुरुस्त झाल्या होत्या, त्या सगळ्यांना त्यांनी निरोप पाठवले, पुन्हा आणून द्या म्हणून. बहुतेकांनी आणल्या. दोघांनी नाही आणल्या, आणि ते दोघं त्यांना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिले.

त्याच सोमवारी दुपारी कारखान्यातून आई तशीच मैदानावर आली, त्या दिवशीची रजा टाकलेली असूनही, नवं लुगडं नेसलेली. "मार," म्हणाली. मी बावन्नाच्या वेजने दहा चेंडू मारले. ती चालत गेली. आधी काहीच ओरडली नाही. सगळे मोजून परत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एकाहत्तर, त्र्याहत्तर, बाहत्तर, बाहत्तर... बाकीचं तसंच."

स्पर्धेत मी चौथी आले. शेवटच्या भोकाला मला नेमकं तेच अंतर उरलं होतं, चेंडू भोकापासून दोन हातांवर जाऊन थांबला, आणि मग तेवढ्याशा अंतरावरून मी चुकले. सरदेसाई बाई म्हणाल्या, "चौथी म्हणजे न मिळालेल्यांत पहिली. अभिनंदन." पण पुढच्या वर्षी परवानगी मिळाली, आणि त्या वर्षभरात मला स्पर्धा जिंकण्यापेक्षा पडवीत यंत्रासमोर बसणं जास्त आवडतं हेही कळलं.

मंडईजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. रक्तातल्या साखरेमुळे लवकर आलेला. तेव्हा तो पिकेपर्यंत थांबायला सांगायचे, म्हणून आम्ही थांबलो. त्या काळात रोज दुपारी तीन वाजता बाबा रेटायचे आणि मी वाचायचे. माझी बारावी त्यात झाली. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, वर्षाने दुसऱ्याचं, आणि बाबांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्यातून त्यांचे डोळे एवढे मोठे दिसायचे की आई म्हणायची, "आता समदं दिसतंय तर माझ्याकडं कशापायी बघताय, पेपर वाचा." ते उंबऱ्यात न जाता पेपर वाचायला लागले. तांदळातले खडे काढायला लागले. कारखान्याने त्यांना पुन्हा तपासणीवर घेतलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पडवीत मात्र काही बदललं नाही. काठी व्हाइसमधून काढून यंत्रावर चढवायची आणि तोंड माझ्याकडे करून म्हणायचं, "वाच." मला वाटायचं, अजून बारीक रेघा दिसत नसतील. मी विचारलं नाही. असे बरेच महिने गेले.

एकदा मी कॉलेजातून दमून आले होते. कुणाची तरी वेज होती. बाबांनी चढवली, म्हणाले, "वाच." मी उभ्याउभ्याच नजर टाकली आणि म्हटलं, "एक्कावन्न."

"नीट पाह्य," बाबा हातभर लांब उभे राहून म्हणाले. "बावन्न आहे."

मी वाकून बघितलं. बावन्नच होते. मग मी वर बघितलं. आपण पकडले गेलो, हे बाबांच्या लक्षात आलं होतं. त्या जाड भिंगांमागचे मोठे डोळे क्षणभर इकडेतिकडे गेले, आणि ते जोरात खाकरले. त्यांनी ती काठी काढून ठेवली, भिंतीजवळची दुसरी घेतली, यंत्रावर चढवली आणि तोंड पार दरवाजाकडे फिरवून उभे राहिले.

"हां," ते म्हणाले. "वाच."